पुष्पकचं वजन

तीन काटे आणले बटाट्याच्या अडतीतून.
यल्लाप्पा म्हणाला, माती झाडून परत द्या.
दोन चाकांखाली दोन, शेपटाखाली एक,
शेपूट घोडीवर चढवलं, ओळंबा सोडला,
हँगरचं दार ओढून घेतलं.
सांबऱ्याच्या माळावर वाऱ्याला थांब म्हटलेलं कळत नाही
आणि पंखाखाली वारा शिरला
की काटा खोटं बोलतो.

दौलत मुतगेकर वही धरून उभा.
उद्यमबागेत त्याच्या फाउंड्रीत रोज बीड ओततात,
जड वस्तूंचं त्याला भय नाही.
मला आहे.

आठ महिने आम्ही हिला सोलत होतो.
पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली फ्लाइंग क्लबचा पिवळा,
प्रत्येक मालकानं आधीच्याला झाकलेलं.
नुसता रंग निघाला नऊ किलो.
पिटोच्या नळीत कुंभारणीनं घर केलेलं,
ओल्या मातीचं, बोटाच्या पेराएवढं.
मागच्या मार्गशीर्षात, कडोलीच्या शेतांवर असताना,
वेगाचा काटा शून्यावर बसला होता
तो तिच्या पिलांसाठी.
टाचणीनं माती काढली. दौलत काही बोलला नाही.
नळीसाठी लाल टोपी मात्र त्यानं स्वतः शिवून आणली.

नवं कापड चढलं तेव्हा वडगावची शांतव्वा आली,
जन्म मागावर गेलेला.
दोरा पंखातून आरपार, बरगडीला वळसा, गाठ,
चार बोटांवर पुन्हा गाठ.
मी पुस्तक उघडून गाठ दाखवली.
तिनं बघितली, एकदा बांधली,
म्हणाली, इष्टेना?
एवढंच का.
दुपारपर्यंत डावा पंख संपला होता.

आणि नझीर मुजावरनं लेथवर केलेला
डाव्या पायाच्या बिजागरीचा बुश,
असा बसला की तेलालाही विचारून आत जावं लागेल.
पण त्याला कागद नाही.
कागदवाला परदेशातून आला, दोन महिन्यांनी,
किंचित सैल.
तोच बसवला.
हे सीमेवरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही:
कागदावर काय आहे
आणि घरात काय चालतं,
दोन्ही सांभाळायचं.
नझीरचा बुश माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

तर वजन.
शिशाची बॅटरी गेली, आली ती एका हातात मावणारी.
वळण दाखवणारा जुना डबा गेला,
त्या भोकात आता छोटा पडदा उजळतो.
उंचीचा काटा मी काढू दिला नाही.
पडद्याची वीज गेली तर
हवेच्या दाबाची जात नाही.
नवा रेडिओ, नवा ट्रान्सपाँडर धरूनही
विमान अकरा किलो उतरलं.
दौलतनं टाळी दिली.
मग म्हणाला, मामा, आता तुम्ही चढा काट्यावर.

मी चढलो. मग तो.
वहीत बेरीज केली, पुन्हा केली,
हातच्याचा दोन विसरलोय का पाहिलं.
विमान हलकं झालं होतं.
आम्ही जड झालो होतो.
टाकी भरली तर माणूस एक,
माणसं दोन तर तेल पाऊण तासाचं.
'काय करूया वो?' तो म्हणाला,
आणि पेन्सिलीचं टोक चावत बसला,
त्याचा बाप बसायचा तसा.

लहानपणी देवळात कीर्तनात ऐकलं होतं,
पुष्पकात कितीही बसले
तरी एकाची जागा रिकामीच उरते.
उरेल.
ते विमान कुणी बटाट्याच्या काट्यावर ठेवलं नव्हतं.

पहिली भरारी रविवारी सकाळी.
उजवा मॅग्नेटो, डावा, दोन्ही;
आवाज जेवढा पडायला हवा तेवढाच पडला.
दौलत आत एकटा, टाकी काठोकाठ.
त्याआधी उजव्या दारातून वाकून
मी माझ्या सीटचा पट्टा
रिकाम्या गादीवर आवळून बांधला,
कंट्रोलात अडकू नये म्हणून.